दोन आठवड्यांचा खोकला

—नाही हो, कार्डात काही खोट नाही. दोनदा बघितलं मी. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, मुदत पुढच्या मे महिन्यापर्यंत. हे युरोपचं निळं आरोग्य कार्ड दाखवलंत की तुमच्या बायकोला आत घेतील, इथल्या स्पॅनिश माणसाला घेतात तसंच — ना पुढं, ना मागं. फक्त सरकारी दवाखान्यात दाखवायचं. समोर हिरव्या दाराचा आहे ना, तो सरकारी. त्याच्या शेजारी काचेचं दार आहे, आत टाकीत रंगीत मासे ठेवलेत, तिथं नाही जायचं. तो खासगी, तिथं गोड हसतील नि कार्ड परत हातात ठेवतील. बास, माझं काम इथं संपलं. मंगळवारी नि गुरुवारी, दहा ते बारा, फिनलंड मंडळाच्या या टेबलावर कालेर्वो, म्हणजे मी, बसतो, कार्डं बघतो, फॉर्म भरून देतो — दारावर लिहिलंय तसं. डॉक्टरकडं दुभाष्या म्हणून येतो असं दारावर लिहिलेलं नाही. होतं पूर्वी. त्यावर मी पांढरी पट्टी चिकटवलीय, तुम्ही बघितली असेल.

कॉफी घ्या. नऊ वाजल्यापासून थर्मासमध्ये आहे, पण पूड आपल्याकडची आहे, इथल्यासारखं डांबर नाही. दालचिनीचा पाव पण घ्या, तो संपत नाही कधी, बायका किलोनं भाजून आणतात. तुमच्या बायकोला नको का? बाहेर बाकावर का बसल्यात त्या? — बरं. ऊन खायचंय तर खाऊ दे. नोव्हेंबरात आपल्याकडं कुठलं आलंय ऊन. नंबर सव्वाबाराचा म्हणालात ना, आता साडेअकरा झालेत, रस्ता ओलांडला की दार, घाई नाही. काय? हां, वाक्य. मी येत नाही तर निदान एक वाक्य स्पॅनिशमध्ये लिहून द्या म्हणता. देतो की. त्यात काय. सांगा — 'शौचावाटे रक्त पडतं.' लिहिलं. अहो एन्सिओ, आवाज कशाला खाली करता, इथं या टेबलाशी लोकांनी याहून काय काय सांगितलंय, मला आता कशाचं काही वाटत नाही. पुढं? 'शनिवारपासून.' शनिवारपासून... थांबा हं. मघाशी आत आलात, टोपी काढलीत, तेव्हा ऑगस्टपासून म्हणाला होतात. चुकून निघालं तोंडातून? नाही, मी ऐकलं ना. माझा गुडघा गेलाय, कान शाबूत आहेत.

कुणी सांगितलं तुम्हाला असं? पेतांकच्या मैदानावर, लोखंडी गोळे फेकता फेकता. काय सांगितलं — दुखणं इथं आल्यावरच सुरू झालं असं म्हणायचं, तिकडं असतानाच होतं म्हटलं की कार्ड चालत नाही, हाकलून देतात. असंच ना? नाव नका सांगू त्या माणसाचं. त्याच्याकडं काही दोष नाही. त्याला दुसऱ्यानं सांगितलं असेल, दुसऱ्याला तिसऱ्यानं, आणि तिसऱ्याला सांगितलं ते इथून, या खुर्चीतून. मीच सांगितलं ते. चार हिवाळे सांगत होतो. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो, अगदी बोट वर करून — 'जुना आजार तोंडातून काढायचा नाही, काय?' आणि लोक मान डोलवायचे, कारण कालेर्वो एकतीस वर्षं तोर्निओला, स्वीडनच्या सीमेवरच्या नाक्यावर, कस्टममध्ये होता, नियम त्याला नाही कळणार तर कुणाला. ते साफ चूक आहे, एन्सिओ. आजार जुना असो, नवा असो, कार्ड चालतं. मुद्दाम उपचारासाठीच इथं आलात तर नाही चालत, तेवढं एक. एरवी माणूस इथं असताना त्याला डॉक्टरची गरज लागली की झालं. आपल्याकडं एखादा स्पॅनिश म्हातारा बर्फावरून घसरून पडतो, तेव्हा आपण त्याला विचारतो का, की बाबा, तुझी हाडं आधीपासूनच ठिसूळ होती का? त्यांचा माणूस आपल्याकडं, आपला त्यांच्याकडं — देशादेशांतला घरोबा आहे तो. पाटीवर लावलंय मी, मोठ्या अक्षरांत, तिसरं वर्ष झालं. पण पाटी कोण वाचतंय. मैदानावरचं ऐकतात.

कुठून काढलं म्हणता मी ते? सांगतो ना, ऐका. आधी आम्ही प्रवासाचा विमा उतरवायचो, खासगी कंपनीचा. त्याच्या पत्रकात असतं बारीक अक्षरांत, की प्रवासाआधीचा आजार धरला जाणार नाही. ते मला पाठ. मग मी सत्तरीचा झालो, कंपनीनं विमा द्यायचं बंद केलं, राहिलं हे निळं कार्ड. आणि मी काय केलं, तर त्या पत्रकातला नियम उचलला नि या कार्डाला चिकटवला. कुणाला विचारलं नाही. विचारायला काय लागत होतं, एक फोन. पण मला माहीतच होतं ना सगळं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं. — नाही, अजून सांगतोय, बसा. तुम्ही विचारलंत ना, मी आत का येत नाही म्हणून. मग ऐका आता. तुमच्या बायकोकडं माझं लक्ष आहे खिडकीतून, त्या बऱ्या आहेत, मांजराशी बोलतायत.

माझी बायको राइली. त्या वर्षी जूनमध्ये, युहान्नुसच्या सणाला, आम्ही तिकडं घरी तळ्याकाठी होळी पेटवली, दरवर्षीसारखी, आणि ती खोकायला लागली. धूर गेला म्हणाली. दुसऱ्या दिवशी पण खोकत होती, तेव्हा धूर नव्हता. जुलैत खोकली, ऑगस्टात बेरी वेचताना खोकली — मी पुढं असायचो, मागनं आवाज यायचा, त्यावरून कळायचं कुठं आहे ती. सप्टेंबरात तिनं परस्पर फोन करून आरोग्य केंद्रात नर्सची वेळ घेतली. वीस तारखेची. मला रात्री जेवताना सांगितलं. मी म्हटलं, वेडी आहेस का? आपलं निघायचं तिकीट चार ऑक्टोबरचं. आता केंद्रातल्या संगणकात नोंद झाली की सगळ्या युरोपात दिसतं ते. उद्या स्पेनमध्ये काही झालं तर म्हणतील, बाई आजार घेऊनच आल्या, कार्ड ठेवा बाजूला. त्यापेक्षा तिकडं जाऊ, ऊन लागेल, बरी होशील; नाहीच झालीस तर तिकडंच दाखवू, नवीन आजार म्हणून. तिनं बटाटा सोलत विचारलं, असं असतं का? मी म्हटलं, असंच असतं. तिनं दुसऱ्या दिवशी फोन करून वेळ रद्द केली. भांडली नाही. राइली भांडायची नाही कधी, कपाट जोरात लावायची फार तर. तेव्हा कपाटही लावलं नाही.

आलो. दोन आठवडे गेले, ऊन लागलं, खोकला काही जाईना. मग नेलं, समोरच, याच हिरव्या दारातनं. काउंटरवर बाईंनी कार्ड घेतलं, नंबर टिपला, परत दिलं. एक अक्षर विचारलं नाही. माझ्या सदऱ्याची पाठ भिजली होती तरी. चोराच्या मनात चांदणं. मग आत गेलो, तिथं एक वयस्क डॉक्टर होता, चांगला माणूस, त्यानं राइलीची पाठ ऐकली आणि माझ्याकडं बघून विचारलं — मी दुभाष्या ना — किती दिवसांपासून? आता बघा, एन्सिओ, नाक्यावर एकतीस वर्षं हाच प्रश्न मी विचारलाय. स्वीडनमधनं लोक यायचे, गाडीत नवीकोरी शिवणयंत्रं, कोट, काय काय, आणि मी खिडकीत वाकून विचारायचो, हे कधी घेतलंत? तारखेवरच सगळं असायचं. एका उत्तरावर सोडायचो, एका उत्तरावर गाडी बाजूला घ्यायला लावायचो. त्यामुळं मला कुणी 'कधीपासून' विचारलं, की तो माणूस डॉक्टर आहे हे दिसतच नाही. मला दिसते खिडकी नि वाकलेला गणवेश. राइलीला मी आपल्या भाषेत सांगितलं, कधीपासून विचारतायत. ती म्हणाली, युहान्नुसपासून. आणि मी डॉक्टरकडं वळून सांगितलं — दोन आठवडे. दोस सेमानास.

तिला कळलं. बाजारात मासे घेण्यापुरतं स्पॅनिश तिला येत होतं, आणि आकडे तर चांगलेच यायचे. तिनं माझ्याकडं बघितलं. मी कॅलेंडरकडं बघितलं, भिंतीवर होतं, औषध कंपनीचं. डॉक्टरनं लिहून घेतलं, दोन आठवड्यांचा खोकला, आणि दोन आठवड्यांच्या खोकल्याला जे देतात ते दिलं. सिरप आणि गोळ्या. त्याचं काही चुकलं नाही. तुम्ही त्याच्या जागी असतात तर तुम्हीही तेच दिलं असतंत. ताकाला जायचं नि भांडं लपवायचं, मग ताक कशात घालणार तो. नोव्हेंबरात परत गेलो, दुसऱ्या गोळ्या. डिसेंबरात परत. तोवर तिचा स्कर्ट कमरेवर राहत नव्हता, सेफ्टी पिन लावायची. दर वेळी मला वाटायचं आता सांगावं — पण कसं सांगणार? आधीचा कागद आहे ना तिथं. आता बदललं तर खोटं पकडलं जाईल. नाक्यावर मी असंच पकडायचो लोकांना, दुसऱ्यांदा विचारून.

जानेवारीत छातीचा फोटो काढला, मोठ्या रुग्णालयात पाठवून. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, केस असे वर बांधलेले, पेन खोवलेला त्यात. फोटो दिव्यावर लावला तिनं आणि म्हणाली, हे ऑक्टोबरपासूनचं नाही. माझ्याकडं बघितलंच नाही. खुर्ची ओढून राइलीच्या समोर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि हळूहळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, कधीपासून, खरं सांगा. आणि राइलीनं, तिच्या त्या मासळीबाजारातल्या स्पॅनिशमध्ये, सांगितलं — ऑक्टोबरपासून. डॉक्टरिणीनं पुन्हा विचारलं. पुन्हा ऑक्टोबर. मी शेजारी उभा. मी तोंड उघडायला हवं होतं की नाही? उघडलं नाही. बाहेर आल्यावर लिफ्टपाशी मी तिला विचारलं, तू का तसं म्हणालीस? ती म्हणाली, "तुला धरलं असतं, कालेर्वो. तूच म्हणालास ना, खोटं सांगितल्याचं कळलं तर धरतात." एवढं म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं. तीच दाबायची नेहमी, मला तळमजल्याचं बटण सापडायचं नाही.

मार्चच्या नऊ तारखेला गेली. फेब्रुवारीत तिला घरी जायचं होतं, घरच्या सॉनात, त्या वाफेच्या खोलीत, एकदा बसायचं होतं. पण विमानात नर्स लागणार, ऑक्सिजन लागणार, आणि कार्ड उपचार देतं, घरी पोचवत नाही — हे मात्र मला बरोबर माहीत होतं, या टेबलावर सगळ्यांना सांगायचो मी हे. इथंच दहन झालं. डबा मी हातातल्या बॅगेत घालून नेला, मालागाच्या विमानतळावर तपासनिसानं विचारलं, आत काय? मी कागद दाखवले. त्यानं टोपी काढली. चांगला पोरगा होता. मला तेव्हाही काही वाटलं नाही, एन्सिओ, आणि आता सांगतानाही नाही. मंडळातल्या बायका म्हणायच्या, रडू येईल हो कधीतरी, येऊ द्या. तीन वर्षं झाली. सकाळी उठतो, कॉफी करतो, दोन कप होते, एक ओतून टाकतो. बास, एवढंच.

आणि ते नियमाचं कसं कळलं, ते सांगायचं राहिलं. ती गेल्यावर आठवड्यानं मी कागद घ्यायला गेलो, त्याच काउंटरवर, त्याच बाई. म्हटलं, आता काय व्हायचंय, विचारून टाकू. म्हटलं, बाई, समजा माणूस घरी असतानाच आजारी होता आणि तसाच इथं आला, तर या कार्डाचं काय होतं? त्यांना प्रश्नच कळेना. मी पुन्हा विचारला. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तो आजारी आहे. आजारी माणसासाठीच तर कार्ड असतं." आणि पुढच्या माणसाला बोलावलं. म्हणजे मला कुणी धरणार नव्हतं. कुणी काही विचारणारच नव्हतं. राइलीला हे कळलंच नाही. तिला वाटत राहिलं शेवटपर्यंत, की ती मला वाचवतेय.

हं. आता तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याचा गैरसमज झाला. तसंच म्हणतात सगळे. मीही म्हणतो. पण तुम्ही आज पहिल्यांदा भेटलात, उद्या ओळख दिली नाहीत तरी चालेल, म्हणून सांगतो — फोन का नाही केला मी? हेलसिंकीच्या विमा कार्यालयात फोन उचलणारी माणसं असतात, तेवढ्यासाठीच असतात, आपल्याच भाषेत बोलतात. केला नाही, कारण ती बाई म्हणाली असती, आधी इथंच दाखवून घ्या. आणि मग तपासण्या, रांग, नोव्हेंबर, डिसेंबर, दुपारी दोनला दिवे लावायचे, अंगणातला बर्फ उपसायचा, आणि इथलं घर रिकामं. मला तो हिवाळा तिकडं काढायचा नव्हता, एन्सिओ. एवढंच होतं ते. नियम मी नंतर शोधला. सोयीचा सापडला, पक्का धरून ठेवला. हे मी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं, कोण जाणे. तुम्ही इथं घर कधीपर्यंत भाड्यानं घेतलंय? — एप्रिलअखेर. हो, सगळे एप्रिलअखेरपर्यंतच घेतात.

पावणेबारा झाले. तर वाक्य पुरं करू. शौचावाटे रक्त पडतं — ऑगस्टपासून. असं लिहू? — काय? — 'शनिवारच राहू द्या.' बरं. आणखी एकदा विचारतो, कारण कदाचित मीच नीट सांगितलं नसेल. शनिवार का? उगाच मोठं करतील. हं. मोठ्या रुग्णालयात पाठवतील, नळी घालून बघा म्हणतील. हं. मुलगी येतेय डिसेंबरात, नातवंडं घेऊन, सगळं ठरलंय. आणि बायकोला, मार्यूतला पण तसंच वाटतं — असं त्या म्हणाल्या, का तुम्ही म्हणताय? नाही, उत्तर देऊ नका. माझ्याकडं ते उत्तर आहे.

पेन ठेवा खाली. उठू नका, उठू नका, तुम्ही बसा. माझा कोट तेवढा द्या, तुमच्या मागं खुंटीवर आहे, तपकिरी. हो, जातो मी. मीच जातो त्यांच्याबरोबर. दारावर लिहिलं नसलं तरी. आत आम्ही दोघंच जाऊ, तिसरी खुर्ची नसते तिथं. डॉक्टर विचारेल, त्या सांगतील, आणि मी तेवढंच सांगेन — ऑगस्ट म्हणाल्या तर ऑगस्ट, त्यांनी जुलै म्हटलं तर जुलै. तुम्हाला माहीत नसेल तेही सांगेन. राग आला तर येऊ द्या, मंडळात तक्रारवही आहे, खणात. तोवर माझ्या खुर्चीत बसा. कुणी कार्ड घेऊन आलं तर म्हणावं, कालेर्वो गुरुवारी भेटेल. दुसरं काही सांगू नका कुणाला, एक शब्द नको. कॉफी आहे अजून.

— मार्यूत? या. चला, आपण जाऊ. नाही, ते इथंच थांबतायत.